ओव्हन घेण्याआधी सात पाव

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कुणी भांगलणीला गेल्या असाल, कुणी चुलीपुढं असाल, कुणी मोबाईल कमरेला खोचून कामाच्या नादात ऐकत असाल. आज पावाबद्दल बोलायचं आहे. वडापावातला पाव, चहात बुडवून खायचा पाव. तो घरी कसा करायचा, आणि पुढं त्याचा धंदा करायचं मनात असेल तर आधी काय शिकून घ्यायचं, ते सांगणार आहे.

विषय का काढला ते सांगते. गेल्या काही महिन्यांत आमच्या भागातल्या तीन गटांनी बेकरीसाठी कर्जाचा ठराव मांडला. तिन्ही ठरावांत पहिलं नाव ओव्हनचं. त्याच्यामागं पीठ मळायचं मशीन, मग ट्रे, मग पत्र्याची शेड. मी बैठकीत विचारलं, की गटातल्या किती जणींनी आपल्या हातानं पाव केलाय? एका गटात दोघींचे हात वर झाले, एकीत एकीचा, आणि तिसऱ्यात कुणाचाच नाही. प्रशिक्षण झालं होतं, नाही असं नाही. पण त्या एका दिवसात पीठ शिकवणाऱ्या बाईंनीच मळलं, भाजलं त्यांनीच. आपल्या बायकांनी व्हिडिओ काढले आणि शेवटी एकेक तुकडा खाल्ला. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं.

शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाचा ओव्हन मी बघून आलेय. जुनी साडी पांघरून कोपऱ्यात ठेवलाय, वर ज्वारीचं पोतं. पाव कधी फुगायचा, कधी नाही. का फुगत नाही ते कळायला मार्ग नव्हता. दोन महिन्यांत बायका कंटाळल्या. ओव्हन थांबला, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. तो दर महिन्याला बचतीतून जातो आणि त्याच्यावरून भांडणं होतात. मशीनमध्ये काही बिघाड नाही, अजूनही चालू होतं. फुगलेलं पीठ कसं दिसतं, हाताला कसं लागतं, हे त्यांना कुणी हातात देऊन दाखवलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आधी पाव किलो पिठाचे सात पाव, घरच्या पातेल्यात, दहा वेळा करा. दहा वेळा सारखे आले की ओव्हनचं बोलू.

आता काही जणी म्हणतील, पाव काय आपला पदार्थ आहे का? एका आजींनी मला सांगितलं, की पाव पायानं तुडवून करतात म्हणून त्याला पाव म्हणतात. ही समजूत खूप जुनी आहे, पण शब्द तसा आलेला नाही. पोर्तुगीज लोक ब्रेडला जे म्हणतात त्यावरून पाव झाला. 1510 साली त्यांनी गोवा घेतला आणि त्यांची ही खाण्याची वस्तू आपल्या किनाऱ्यावर आली. त्यांच्या देशातलं खमीर इथं मिळेना, तेव्हा माडाची सूर घालून पीठ फुगवायला लागले. गोव्यात पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात. अजूनही सकाळ-संध्याकाळ तो सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत येतो. त्यांच्याकडं कोंड्याची पोई असते, कडक उंडो असतो, बांगडीसारखं गोल कांकण असतं. हे सगळं लाकडाच्या भट्टीत. तेव्हा पाव म्हणजे विजेचा ओव्हनच पाहिजे, असं काही नाही.

पीठ आंबवणं तर आपल्याला नवं नाहीच. आपण आंबील करतो, जिलेबीचं पीठ आंबवतो, इडली-डोशाचं पीठ उबेला ठेवतो. पावाचं पीठ आंबवणारं जे असतं त्याला यीस्ट म्हणतात. ही एक प्रकारची बारीक बुरशी, जिवंत. डोळ्याला दिसतात ते तिचे वाळवलेले दाणे. ओलावा आणि ऊब मिळाली की ती जागी होते, पिठातली साखर खाते आणि वायू सोडते. तो वायू पिठात अडकतो, म्हणून पीठ फुगतं. थोडा अल्कोहोलही तयार होतो, तो भाजताना बहुतेक उडून जातो. वारकरी घरातल्या एका सुनेनं मला फोनवर हळूच विचारलं होतं, की ताई, यात दारू किंवा मांसाहार काही नाही ना? नाही. यीस्ट शाकाहारी आहे, सासूबाईंना बिनधास्त सांगा.

सोडा, इनो, बेकिंग पावडर हा वेगळा प्रकार. ते केकला, ढोकळ्याला. त्यांचा वायू लगेच तयार होतो आणि लगेच निघून जातो. पावाची चव आणि जाळी त्यातून येत नाही.

यीस्ट घेताना पाकिटावरची तारीख बघा. सुटं, उघड्या बरणीतलं घेऊ नका. बाजारात बारीक दाण्याचं मिळतं, ते सरळ पिठात मिसळलं तरी चालतं. जाड दाण्याचं आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं. शहरातल्या बेकऱ्या ओलं यीस्ट वापरतात, वडीसारखं असतं, पण ते फ्रिजमध्ये ठेवूनही थोडेच दिवस टिकतं. शिकताना त्याच्या नादी लागू नका. पाकीट एकदा फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. घरात फ्रिज नसेल तर लहान पाकीट घ्या आणि चार-पाच जणींत वाटून त्याच आठवड्यात संपवा. गटाचा हा एक फायदा.

नव्या बाईनं दर वेळी यीस्टची परीक्षा घ्यावी, असं मी सांगते. अर्धी वाटी कोमट पाणी, त्यात चमचाभर साखर आणि यीस्ट. हलवून झाकून ठेवा. दहा मिनिटांत वर फेस आला, आंबूस-गोडसर वास आला, तर यीस्ट जिवंत. पाणी तसंच स्वच्छ राहिलं तर तिथंच थांबा, पीठ वाया घालवू नका. पाणी कोमट म्हणजे किती? बाळाला दूध पाजताना मनगटावर थेंब टाकून बघतो ना, तसं. मनगटाला चटका बसला तर यीस्ट मेलं म्हणून समजा. पहिल्या खेपेला पाव दगडासारखा होतो, त्यातल्या बऱ्याच वेळा कारण हेच निघतं. बाई घाईत चहाच्या आधणाचं पाणी ओतते.

आता पिठाचं. इथं मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या बायका इथंच अडकतात.

भाकरीचं पीठ जुनं झालं की आपण काय म्हणतो? पिठाची विरी गेली. मग भाकरी थापताना चिरते. ज्वारी-बाजरीत मुळात तो ताण नसतो, म्हणून आपण गरम पाणी घालतो, उकड काढतो. गव्हात मात्र ताण असतो. पुरणपोळीची कणीक आठवा. सैल भिजवायची, तेल-पाण्याचा हात लावून लावून तिंबायची, मग ती ओढली तर तुटत नाही, लांब येते. पावाला नेमका हाच ताण लागतो. यीस्टचा वायू धरून ठेवणारी पिशवी त्या ताणातून तयार होते. ताण नसेल तर वायू निघून जातो आणि पाव बसतो.

म्हणजे पुरणपोळी येणाऱ्या बाईला पावाचं निम्मं काम येतं. शिकवणाऱ्या लोकांनी हे सांगितलं तर बायकांची भीती तिथंच जाईल. ते सांगत नाहीत, इंग्रजी शब्द सांगतात.

पण आपला रोजचा हात पोळीचा. पोळीची कणीक घट्टसर असते. पावाचं पीठ हाताला चिकटायला लागलं की आपला हात आपोआप सुक्या पिठाच्या डब्याकडं जातो. एक मूठ, दुसरी मूठ. पीठ छान गोळा होतं, परातीला चिकटत नाही, बाई खूश. आणि पाव फुगत नाही. पावाचं पीठ सुरुवातीला चिकटलंच पाहिजे. सुकं पीठ घालायचं नाही. दहा मिनिटं तसंच झाकून ठेवा, मग तेलाचा हात लावून मळा. दहा-बारा मिनिटं मळल्यावर तेच पीठ हात सोडायला लागतं, गुळगुळीत होतं. छोटा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा झाला आणि फाटला नाही, तर मळून झालं. फाटला तर अजून पाच मिनिटं.

पाव किलोचं माप सांगते, वही-पेन घ्या. दीडशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम चाळलेलं गव्हाचं पीठ. यीस्ट चहाचा एक चमचा सपाट. साखर एक मोठा चमचा. मीठ पाऊण चहाचा चमचा. तेल दोन मोठे चमचे, त्यातलं थोडं मळताना हाताला लावायला ठेवा. पाणी साधारण 165 मिलिलिटर, आणि यीस्ट भिजवलेलं अर्धी वाटी पाणी याच्यातलंच धरायचं. गिरणीचं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून दोन-तीन चमचे बाजूला ठेवा, लागलं तर घाला. पाण्याऐवजी निम्मं दूध घातलं तर पाव मऊ होतो. मीठ आणि यीस्ट एकाच जागी एकमेकांवर टाकू नका, मिठानं यीस्टचा जोर कमी होतो. पण मीठ विसरूही नका, बिनमिठाचा पाव तोंडात फिरतो.

शक्यतो वजन करा. वाटी प्रत्येकीच्या घरात वेगळी. गटाच्या पैशातून घ्यायचीच झाली तर पहिली वस्तू छोटा वजनकाटा घ्या. ओव्हनच्या किमतीपुढं तो काहीच नाही.

मळलेला गोळा तेल लावलेल्या पातेल्यात झाकून ठेवा. किती वेळ? घड्याळ बघू नका. उन्हाळ्यात पाऊण तासात दुप्पट होईल, थंडीत दोन तास लागतील. थंडीत ज्या कोपऱ्यात विरजण लावता तिथं ठेवा, नाहीतर पातेल्याभोवती गोधडी गुंडाळा. दुप्पट झालं की पिठात बोट बुडवा. खड्डा पटकन भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू, अर्धाच भरून आला तर वेळ झाली. खड्डा तसाच राहिला आणि पीठ खाली बसलं, तर जास्त झालं. हे बोटाचं कसब व्हिडिओत येत नाही, दहा खेपा केल्यावरच येतं.

आता गोळा दाबून वायू काढा, सात सारखे भाग करा, वजन केलंत तर एकेक साधारण पासष्ट ग्रॅमचा. प्रत्येक गोळा मोदकाला पारी मुरडतो तसा कडा खाली ओढून, वरचा भाग ताणून गोल करा. वर चिरा राहू देऊ नका. वीतभराहून थोडं लहान गोल भांडं घ्या, तेल लावा, मध्ये एक आणि भोवती सहा ठेवा. मध्ये बोटभर जागा सोडा. अर्ध्या-पाऊण तासात ते फुगून एकमेकांना चिकटतील. तीच आपली लादी. वरून दुधाचा हात फिरवा.

दुसरं फुगणं चालू असतानाच पातेलं तापायला ठेवा. जर्मनचं जाड बुडाचं जुनं पातेलं किंवा कढई घ्या. तळाला धुऊन वाळवलेली वाळू किंवा जाड मीठ, बोटभर थर. भडभुंजा फुटाणे वाळूत भाजतो ना, उष्णता सगळीकडं सारखी जावी म्हणून, तसंच. त्यावर स्टँड ठेवा, नसेल तर एक स्टीलची वाटी उपडी. झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. कुकरमध्ये करत असाल तर रबर आणि शिट्टी दोन्ही काढायची आणि आत पाणी घालायचं नाही. रोजच्या डाळ-भाताचा कुकर मात्र वापरू नका, कोरडा तापवून तो खराब होतो. एखादा जुना टाकाऊ असेल तर घ्या.

मग पावाचं भांडं आत ठेवा, झाकण लावा, आच मध्यमपेक्षा जरा कमी. पंचवीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. आपल्याला राहवत नाही, पण उघडलं की आतली गरमी जाते आणि फुगलेले पाव बसतात. पंचवीस मिनिटांनी बघा. कडा भांड्यापासून सुटल्या आणि खालची बाजू तांबूस झाली की झालं, नाहीतर अजून पाच-दहा मिनिटं. एक पाव काढून बुडाला बोटानं टिचकी मारा. पोकळ आवाज आला तर आत भाजलाय. पातेल्यात वरून लाली येत नाही, त्यात वाईट वाटून घेऊ नका. लादी काढून तव्यावर थोडं तेल किंवा लोणी लावून वरची बाजू मिनिटभर टेकवा, रंग येतो. चुलीवर करणाऱ्यांना वेगळी सोय आहे. झाकणावर निखारे ठेवायचे. कोकणात काकडीचं धोंडस असंच खाली-वर निखारे ठेवून भाजतात.

भाजल्यावर लादी लगेच भांड्यातून काढा, चाळणीवर किंवा उपड्या टोपलीवर ठेवा आणि ओलसर फडकं झाका. अर्धा तास कापू नका. पोरं मागं लागतात, मला माहीत आहे. गरम कापला तर आत चिकट लागतो आणि आपल्याला वाटतं कच्चा राहिला.

आता बिघडला तर काय? दहा खेपांतल्या पहिल्या तीन-चार बिघडणारच, त्यासाठीच पाव किलो. वहीत लिहा. तारीख, पाणी किती, फुगायला किती वेळ, भाजायला किती, आणि पाव कसा झाला. पाव जड आणि ठोसर झाला तर यीस्ट मेलेलं, नाहीतर पीठ घट्ट, नाहीतर फुगायच्या आधी भाजला. आंबट झाला, वर सुरकुत्या पडून बसला, तर फुगायला जास्त वेळ ठेवला. बुड करपलं आणि वर कच्चा, तर आच जास्त किंवा वाळूचा थर पातळ. आमच्या गटातल्या एक मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. त्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढतात. फुगला तर उभी रेघ, बसला तर आडवी. त्यांच्या भिंतीवर चार आडव्यांनंतर सगळ्या उभ्या आहेत.

बिघडलेले पाव टाकून द्यायची गरज नाही. चुरा करून फोडणीचा करा, नाहीतर वाळवून कुटून कटलेटला लावा.

नुसत्या गव्हाचा पाव होतो का, असं पुष्कळ जणी विचारतात. होतो, पण जरा जड होतो, कारण कोंड्याचे बारीक तुकडे ताण तोडतात. म्हणून आधी मी सांगितलेल्या मिसळीवर हात बसवा. मग दर खेपेला मैदा थोडा कमी करा, पाणी थोडं वाढवा. गहू लोकवनसारखा असला तर बरा. आमच्या सांगली-सोलापूरकडं खपली गहू पिकतो. खीर त्याचीच चांगली, पण पावाला त्याचा ताण पुरत नाही. तेव्हा महागाची खपली यात घालू नका. 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर पाळलं, तेव्हापासून बाजरीचा पाव, नाचणीचा पाव करा असं बायकांना सगळीकडून सांगतात. चांगलं आहे. पण बाजरीत ताण नाही, हे वर सांगितलंच. अडीचशे ग्रॅममध्ये पन्नास ग्रॅम ज्वारी किंवा नाचणी घाला, चवही येते आणि फुगतोही. सगळाच बाजरीचा करायचा तर इसबगोलासारखं बांधून ठेवणारं काहीतरी लागतं, ती वेगळी विद्या आहे. पावापेक्षा बाजरीची भाकरीच बरी, हे माझं स्वतःचं मत.

आणि हेही सांगते, की घरचा पाव झाला म्हणून तो भाकरीची जागा घेईल असं नाही. मैदा तो मैदाच. घरच्या पावात काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं, एवढं नक्की. 2016 साली ब्रेडच्या पिठात घालायच्या पोटॅशियम ब्रोमेट नावाच्या रसायनावर आपल्या देशात बंदी आली. तोपर्यंत ते घालायला परवानगी होती. तपकिरी दिसतो म्हणून ब्रेड गव्हाचा असेलच असंही नसतं, जळक्या साखरेचा रंग घालूनही तो तसा दिसतो. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात पहिलं नाव मैद्याचं आहे का ते वाचायला पोरींना सांगा.

आता पैशाचं. हिशेब कसा करायचा ते दाखवते, आकडे तुमच्या गावचे घाला. समजा एका लादीला पीठ 12 रुपयांचं, तेल 4, यीस्ट 3, साखर-मीठ 1, गॅस 5. झाले 25 रुपये. सात पाव, म्हणजे एक पाव साधारण साडेतीन रुपयांना पडला. बायका इथं हिशेब थांबवतात. मजुरी कुठाय? मळणं, गोळे करणं, भाजणं, भांडी घासणं, हाताचं काम तासभराचं तरी आहे. शेतात गेलं असतं तर त्या तासाचे पैसे मिळाले असते. ते वहीत लिहाच, भले तुम्ही ते घेऊ नका. आणि गॅसचा आकडा अंदाजानं टाकू नका. एका दिवशी लागोपाठ लाद्या भाजा, त्याआधी आणि नंतर सिलिंडर धान्याच्या काट्यावर ठेवून बघा. सिलिंडरमध्ये गॅस असतो 14.2 किलो. किती कमी झाला ते कळलं की एका लादीचा खर्च काढता येतो. लागोपाठ भाजल्यानं पातेलं पुन्हा पुन्हा तापवावं लागत नाही, तेवढा गॅसही वाचतो.

मजुरी धरली की लगेच दिसेल, की तालुक्याच्या बेकरीतून वडापावच्या गाड्यावर जो पाव येतो, त्याच्याशी भावात आपली बरोबरी होणार नाही. ते पोत्यांनी मैदा घेतात, भट्टी रात्रभर चालते. त्यांच्या मागं लागू नका. त्यांचा पाव कालचा असतो, आपला आजचा. कोंड्यासकट गव्हाचा पाव ते खेड्यात आणत नाहीत. लसूण-कोथिंबिरीचा पाव, तिळाचा पाव, आठवडी बाजारादिवशी किंवा आदल्या दिवशी सांगून ठेवलेल्या मागणीवर. आमच्याकडं एका गटानं फक्त शनिवारी पाव करायचं ठरवलं, नावं शुक्रवारी लिहून घेतात. जेवढी नावं तेवढेच पाव. उरत नाहीत. घरच्या पावात टिकायचं औषध नसतं, दोन-तीन दिवसांत संपला पाहिजे, पावसाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी बुरशी बघा. म्हणून उरलेला माल हाच या धंद्यातला खरा तोटा.

विकायला लागलात की अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते, घरगुती असलं तरी. पाकिटावर काय काय घातलंय, वजन किती, कधी केला, कधीपर्यंत खायचा आणि तुमचा नोंदणी नंबर, एवढं पाहिजे. ते काम अवघड नाही, तुमच्या सीआरपी ताईला विचारा, ऑनलाइन होतं.

आणि दहा लाद्या सारख्या आल्या, गिऱ्हाईक वाढलं, पातेल्यात भागेना, तेव्हा ओव्हन. त्या वेळीसुद्धा आधी वायरमनला घरी बोलवा. मोठा विजेचा ओव्हन साध्या मीटरवर चालेलच असं नाही, आणि आपल्याकडं लाईट जाते ती नेमकी पीठ फुगल्यावर. गॅसवरचाही ओव्हन मिळतो, त्याची चौकशी करा. विकणाऱ्यासमोर स्वतःचं पीठ घेऊन जा आणि त्याच्या ओव्हनमध्ये तुमची लादी भाजून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला तर दुसरीकडं बघा.

ज्या तीन गटांचे ठराव आलेत, त्यांना मी एवढंच सांगितलंय. येत्या मासिक बैठकीला प्रत्येक सभासदानं आपल्या हातची एक लादी आणि वही आणायची. वजनकाटा मी घेऊन येते, सगळ्या लाद्या एका ओळीत ठेवून कापून बघू, जाळी कुणाची कशी पडली ते. दूध आणि साखर ज्यांचं घर जवळ आहे त्यांनी आणा, चहा तिथंच करू. बाकीच्या गटांतल्या कुणाला यायचं असेल तर या, पण हात हलवत येऊ नका, सात पाव घेऊन या.